एका घरात, पण अबोला

गिरगावातल्या चाळीत ज्याचे आयुष्य गेले त्याला 'शेजारी दिसत नाही' अशी तक्रार कधी करावी लागली नाही. त्याची तक्रार असलीच तर शेजारी फार दिसतो अशी असायची. फणसवाडी, मुगभाट, ठाकूरद्वार, कुठेही जा. सामायिक गॅलरी, दिवसभर उघडी दारे, आणि पहिल्या खोलीत फोडणी पडली की चौथ्या खोलीतल्या काकूंना आजचा बेत कळलाच म्हणून समजा. अशा या मुलखातून हल्ली मला आठवड्याला निदान दोन-तीन बोलावणी येतात ती नेमकी उलट कारणासाठी. "अहो, आमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसतच नाहीत!"

कॉम्प्युटर दुरुस्त करणे हा माझा धंदा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घ्यायचे आणि गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात फिरायचे, हा माझा नित्यक्रम. (या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे; पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.) मिनर्व्हा, अप्सरा, नाझ ही नावे एके काळी त्या रस्त्याची ओळख होती, आता तिथे वायरी आणि राउटर मिळतात. आणि राउटर म्हटले की अबोल्याची ही तक्रार आलीच.

पूर्वी ही तक्रार नव्हती, कारण घरात एकच कॉम्प्युटर असे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे माणसे कशीबशी मावत, यंत्रे दोन कुठून येणार? आता चाळी पडून तिथे मनोरे उभे राहत आहेत, खोल्यांचे फ्लॅट होत आहेत. त्यात २०२०च्या टाळेबंदीने प्रत्येक घराचे कचेरी आणि शाळा असे दोन्ही करून टाकले. मुलीचा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, वडिलांचा जुना मोठा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात प्रिंटर, असे बिऱ्हाड जमले. सगळ्यांना इंटरनेट मिळते, सगळ्यांवर सिनेमे दिसतात, आणि तरीही एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर न्यायची म्हटली की ती ईमेलने परदेशातल्या कुठल्याशा यंत्रावर जाऊन पुन्हा याच खोलीत परत येते. मधले अंतर म्हणाल तर दोन हात!

गंमत अशी की एके काळी परिस्थिती याच्या अगदी उलटी होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. पुढे २०००च्या आगेमागे केबलवाल्यांनी त्यात उडी घेतली. टीव्हीच्या केबलबरोबर निळी-करडी वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकायची, मध्ये एखाद्या जिन्याखाली डबा बसवायचा, आणि चार-चार इमारती एकाच जाळ्यात ओवायच्या. परिणाम असा झाला की विंडोज ९८मध्ये 'नेटवर्क नेबरहुड' नावाची जी खूण असे, ती दाबली की खरोखरच सगळा शेजार समोर येई. कोणाचे फोल्डर उघडे, कोणाचा प्रिंटर उघडा. एका घरी मी काम करीत असताना पडद्यावर समोरच्या इमारतीतल्या मुलीची लग्नासाठी तयार केलेली माहिती, फोटोसकट, उघडी पडलेली पाहिली आहे. त्या मुलीच्या वडिलांना याची गंधवार्ता नव्हती. चाळीची गॅलरी तारेवरून दुसऱ्यांदा बांधली गेली होती. फरक इतकाच की गॅलरीत कोण उभा आहे ते दिसते, इथे ते दिसत नसे.

त्या काळी ही यादी तयार कशी होत असे ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण प्रकार मोठा मजेदार आहे. जाळ्यावरची यंत्रे आपसात चक्क निवडणूक घेत. शेजाऱ्यांची यादी कोणी ठेवायची, यासाठी. ज्याची विंडोज अधिक नवी त्याचे पारडे जड. तिथे बरोबरी झाली तर जो अधिक वेळ चालू आहे तो विजयी. आणि तिथेही बरोबरी झालीच तर नावाचे अक्षर वर्णमालेत ज्याचे आधी तो. निवडून आलेले यंत्र वही सांभाळी. बाकीच्यांनी दर १२ मिनिटांनी 'मी आहे' अशी हाक द्यायची. लागोपाठ तीन हाका चुकल्या की नाव कटाप. याचा अर्थ असा की एखादे यंत्र बंद केले तरी ३६ मिनिटे ते यादीत 'हयात' दिसे, आणि नुकते चालू केलेले यंत्र शेजारी घरघरत असूनही यादीत नसे. यादीवर फार विसंबू नका, हे मी लोकांना सांगतो ते या इतिहासामुळे.

'दिसणे' आणि 'भेटणे' या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि निम्मी कामे इथेच सुटतात. यादीत नाव नसले तरी पत्त्यावर जाऊन दार ठोठावता येते. प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक पत्ता असतो, चार आकड्यांचा. घरात तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. विंडोजमध्ये सीएमडीची काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' असे लिहिले की तो कळतो. मग दुसऱ्या यंत्रावर, फोल्डरच्या वरच्या पट्टीत, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे तो पत्ता लिहायचा. दार उघडले तर यंत्रे धडधाकट आहेत, बिघाड आहे तो फक्त यादीचा. (नव्या विंडोजमध्ये निवडणूक नाही, प्रत्येक यंत्र आपण होऊन हाक देते. ही हाक देणाऱ्या सेवेचे नाव 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन'. ती झोपलेली असली तर यंत्र जागे असून मुके राहते. तिला जागे करून 'ऑटोमॅटिक'वर ठेवले की झाले.)

पत्ता १६९.२५४ने सुरू झालेला दिसला तर मात्र यादी वगैरे सोडा. त्या यंत्राला राउटरने पत्ता दिलेलाच नाही. बिचाऱ्याने स्वतःच एक घेतला आहे. वायर पाहा, राउटर पाहा. दहातल्या चार वेळा वायरीचे टोक नीट बसलेले नसते किंवा उंदराने हात मारलेला असतो.

आता दादरची एक हकीगत. शिवाजी पार्काजवळचे जुने घर, जाड भिंती. दिवाणखान्यात वडिलांचा कॉम्प्युटर, आत मुलाचा लॅपटॉप. वाय-फाय आतपर्यंत पोचेना म्हणून मुलाने बाजारातून दुसरा राउटर आणून आत लावला. इंटरनेट फक्कड चालू झाले, आणि त्याच दिवसापासून वडिलांचा प्रिंटर मुलाला दिसेनासा झाला. वडिलांचे म्हणणे, मुलाने काहीतरी बिघडवले. मुलाचे म्हणणे, बाबांचे यंत्रच म्हातारे झाले. आईने मला फोन केला तो मुख्यतः हा वाद मिटावा म्हणून.

मी दोन्ही पत्ते पाहिले. वडिलांचा १९२.१६८.१ने सुरू होणारा, मुलाचा १९२.१६८.०ने. म्हणजे काय? वडिलांचे पत्र ४०००२८ पिनकोडातले आणि मुलाचे ४०००१४मधले! एकाच घरात दोन डाकघरे उघडली होती. दुसरा राउटर हा नुसता वाय-फाय लांबवीत नाही. तो स्वतःचे वेगळे गाव वसवतो आणि आपल्या गावातल्यांना बाहेरच्यांपासून झाकून ठेवतो. आतल्याला बाहेरचे सारे जग मिळते, पण बाहेरच्या गावातली हाक आत जात नाही, आणि आतली हाक वेशीपलीकडे जात नाही. प्रिंटरची हाक वेशीवरच अडत होती.

उपाय साधा. दुसऱ्या राउटरला डाकघर चालवण्याचे काम सोडायला लावायचे. कित्येक राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' नावाची सोय असते. ती निवडली की काम झाले. नसेल तर त्याची पत्ते वाटण्याची सेवा, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची. त्याला स्वतःला पहिल्या गावातला एक रिकामा पत्ता द्यायचा. आणि मग पहिल्या राउटरकडून येणारी वायर 'वॅन' असे लिहिलेल्या भोकातून काढून 'लॅन'च्या भोकात लावायची. क्रम हाच ठेवा. आधी वायर बदलली तर दोन पोस्टमन एकाच गल्लीत पत्ते वाटू लागतात आणि गोंधळात भर पडते. वीस मिनिटांत प्रिंटरने कागद ओकला. वडील म्हणाले, "म्हणजे माझे यंत्र चांगलेच होते." मुलगा म्हणाला, "आणि मी काही बिघडवले नव्हते." मी चहा घेतला आणि निघालो.

पण या धंद्यात माझे खरे भांडण आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीशी. कॉम्प्युटर दिसत नाहीत म्हटले की कोणीतरी शहाणा सांगतो, "फायरवॉल बंद करून टाका." बंद केली की खरोखरच दिसू लागतात, म्हणून तो शहाणा शहाणाच ठरतो. वास्तविक हे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दारच उखडून ठेवण्यासारखे झाले. विंडोज प्रत्येक नव्या जाळ्याला विचारते, किंवा न विचारता ठरवते, की हे जाळे 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट'. पब्लिक म्हणजे दादर स्टेशनचा पूल. तिथे कोणी आपली ओळख ओरडून सांगत नाही. प्रायव्हेट म्हणजे घर. नवीन विंडोज अनोळखी जाळ्याला सहसा पब्लिकच धरते, आणि घरच्या वाय-फायवरही यंत्र दातखीळ बसल्यासारखे गप्प राहते. सेटिंगात जाऊन ते प्रायव्हेट करायचे, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल शेअरिंग' चालू करायचे, आणि फायरवॉल जिथल्या तिथे ठेवायची. नुसत्या 'पिंग'ला उत्तर आले नाही म्हणूनही घाबरू नये. विंडोजची भिंत पिंगला बहुधा उत्तरच देत नाही, यंत्र मात्र आत सुखरूप असते.

ही भिंत कशासाठी, ते गिरगावातल्या एका छोट्या छापखान्याच्या गोष्टीवरून सांगतो. तळमजल्यावर दोन खोल्या. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, दिवाळीच्या सुमारास एक-दोन अंकांची जुळणी. जुने यंत्र विंडोज एक्सपीचे, कारण वीस वर्षांचे सगळे काम त्यावर पेजमेकरमध्ये आणि श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत आहे. ते फाँट आजच्या युनिकोडचे नव्हेत. मजकूर दुसरीकडे नेला की अक्षरांचा भुगा होतो. म्हणून यंत्र टाकवत नाही. शेजारी नवा कॉम्प्युटर घेतला, आणि या नव्याला जुने काही केल्या दिसेना.

कारण असे. फायली देण्याघेण्याची जी भाषा आहे तिचे नाव एसएमबी. तिचा जन्म १९८०च्या दशकातला, आयबीएममधला. तिची पहिली आवृत्ती हीच एक्सपीला कळते. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यातले एक मोठे भगदाड बुजवणारी दुरुस्ती काढली. पण पुष्कळांनी ती लावली नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर कीड त्याच भगदाडातून जगभर पसरली. इंग्लंडातल्या इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पडले. जूनच्या अखेरीस 'नॉटपेट्या' आली. ती हेच भगदाड आणि इतरही वाटा वापरत होती. तिने समुद्रापलीकडच्या आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले, कंटेनर अडकून पडले. एका जाळ्यात असलेल्या यंत्रांनी एकमेकांना फार मोकळेपणी 'पाहिले' की काय होते, ते मुंबईकरांच्या दाराशी येऊन ठेपले होते. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे धनत्रयोदशी होती त्या दिवशी, विंडोज १०ची जी नवी आवृत्ती आली तिच्यात नव्याने बसवताना ही पहिली भाषा आपोआप घातलीच जाईनाशी झाली. तिच्याबरोबर निवडणुकीची ती जुनी यादीही गेली.

छापखान्याच्या मालकांना मी हे सगळे सांगितले. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४पासून वाऱ्यावर सोडले आहे, हेही सांगितले. माझा सल्ला असा होता की जुने यंत्र जाळ्यातून पूर्ण काढा, त्याला इंटरनेटची वायर नको; तयार पानांच्या पीडीएफ फायली करा आणि तपासलेल्या पेन ड्राइव्हवरून नव्यावर न्या. ते म्हणाले, "मास्तर, चार पावले चालायला माझी हरकत नाही, पण दिवसातून चाळीस वेळा? नव्या यंत्रात ती जुनी भाषा घालता येते म्हणतात ना?" घालता येते. 'विंडोज फीचर्स'मध्ये एक खूण करावी लागते, तेवढेच. मी घातली नाही. ज्या यंत्रावर ते बँकेचे व्यवहार करतात त्याला ही भाषा शिकवायला माझा हात धजेना. त्यांनी ती पुढे दुसऱ्याकडून घालून घेतली असे कळले. अद्याप काही झालेले नाही. आमची ओळख कायम आहे, मात्र त्या विषयावर आम्ही दोघेही बोलत नाही.

किरकोळ कारणे पुष्कळ आहेत. मोबाइल किंवा लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायला जोडलेला असतो. पाहुण्यांच्या वाय-फायचा हेतूच असा की पाहुण्याला घरातले काही दिसू नये. कचेरीचा लॅपटॉप असेल आणि त्यावर व्हीपीएन चालू असेल तर तो देहाने परळला आणि मनाने ऑफिसात असतो. घरच्यांना तो ओळख देणार नाही. व्हीपीएन बंद करून पाहावे, आणि कचेरीची बंधने असतील तर नाद सोडावा. दोन यंत्रांना एकच नाव दिलेले असणे हेही एक कारण. एका घरी तिन्ही यंत्रांचे नाव 'गणेश' होते! 'होमग्रुप' शोधणाऱ्यांनी शोधू नये. २००९ साली विंडोज ७बरोबर आलेली ती सोय २०१८मध्ये विंडोज १०मधून काढून टाकली.

लालबागचे काम मात्र किरकोळ नव्हते. नव्या मनोऱ्यातला फ्लॅट, बाराव्या मजल्यावर. घरात सत्तरीच्या मावशी आणि त्यांची लेक. मावशींचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मूळचे कोकणातले, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काय-काय धंदे केले, आणि त्यातच एक नाद लावून घेतला. गावी गेले की आईला जात्यापाशी बसवून ओव्या म्हणायला लावायच्या आणि टेपवर घ्यायच्या. पुढे त्या सगळ्या टेपा त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर उतरवल्या. आई गेली, टेपांना बुरशी लागली, यजमानही गेले. उरला तो विंडोज ७चा कॉम्प्युटर, आणि तोही चालू केल्यावर अर्ध्या तासात तापून आपोआप बंद पडे. पेन ड्राइव्ह लावायची भोके मेलेली. लेकीचा लॅपटॉप नवा, पण तो त्याला ओळखीना.

मी म्हणालो, "मावशी, सरळ खोलतो आणि आतली डिस्क काढतो."

"खोलायचा नाही," त्या म्हणाल्या. "यांनी स्वतःच्या हातानं बसवलाय तो. बाहेरून काय करायचं ते कर."

बाहेरून करायचे म्हणजे जाळ्यावरून. आणि वेळ अर्धा तास. घाई करून चालणार नव्हते, म्हणून आधी कागदावर क्रम लिहून घेतला. दोन्ही यंत्रे वायरीने राउटरला जोडली. वाय-फायच्या भरवशावर हे काम नको होते. यंत्र चालू केले. पत्ते एकाच गावातले निघाले, म्हणजे तो घोळ नव्हता. जुन्या यंत्राने नव्या फ्लॅटमधला नवा राउटर पाहून 'हे जाळे कोणते?' असे विचारले होते आणि कोणीतरी 'पब्लिक' दाबले होते. ते बदलून 'वर्क' केले. लॅपटॉपवर 'प्रायव्हेट' केले. यादीत नाव आले! पण दाबले तर आत घेईना. यजमानांच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि विंडोज बिनपासवर्डाच्या खात्याला जाळ्यावरून आत सोडत नाही; समोर बसून मात्र सोडते. पासवर्ड घातला. कोणता घालू, असे विचारल्यावर मावशींनी सासूबाईंचे नाव सांगितले. तेवढ्यात यंत्र बंद पडले.

पंखा लावून ते तासभर गार केले. लेकीने खिडक्या उघडल्या. दुसऱ्यांदा चालू केले तेव्हा सगळी तयारी झालेली होती. फोल्डर उघडले आणि फायली येऊ लागल्या. आधी लहान, मग मोठ्या, असे मी मुद्दामच लावले होते, म्हणजे यंत्र गेलेच तर थोड्या मोठ्या राहतील पण पुष्कळ लहान हाती लागतील. सत्ताविसाव्या मिनिटाला ते पुन्हा बंद पडले. तिसऱ्या खेपेला उरलेल्या आल्या. लॅपटॉपवरून लगोलग एका वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत केली, कारण एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे.

लेकीने मधलीच एक फाइल लावली. आधी जात्याची घरघर, मग म्हातारीचा आवाज, आणि मध्येच एका पुरुषाचा आवाज, "आये, जरा मोठ्यान." मावशी उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने पोहे घेऊन बाहेर आल्या.

दोन फायली उघडल्या नाहीत. जुन्या डिस्कवरची ती जागाच खराब झाली असावी. ती वाचायला वेगळे साधन लागते आणि त्यासाठी डिस्क बाहेर काढावी लागते, असे मी भीतभीतच सांगितले. मावशींनी थोडा विचार केला. मग स्वयंपाकघरातून स्क्रू काढायचा पेचकस आणून माझ्या हातात दिला. डिस्क सध्या माझ्याकडे आहे. एका फाइलीचा पहिला सहा मिनिटांचा भाग मिळाला आहे. दुसरीचे काम चालू आहे.